अक्काचा डावा हात

एक्स-रेवाला म्हणजे फोटो काढणारा, अशी आमच्या गावाची समजूत होती. सुट्टीला जळकोटला गेलो की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय, औंदा किती जणांची हाडं मोजली?" मी हसून सोडून द्यायचो. सोलापूरच्या ज्या रुग्णालयात मी नोकरीला होतो तिथं ऐंशीनंतर एक नवं यंत्र आलं होतं. त्याच्या पडद्यावर माणसाचं चालतं काळीज दिसायचं, हे पारावर सांगितलं असतं तर लोकांनी मलाच तपासायला नेलं असतं. अक्काला मात्र मी सांगितलं होतं. तिनं विचारलं, "कसं दिसतंय रं?" मी म्हणालो, "पोत्यात मांजर घातल्यावानी. आत कायतरी हलतंय एवढंच कळतंय." ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं घर निम्मं कानडी, निम्मं मराठी. ती मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आली, मग आई गेली, मागोमाग वडील गेले आणि मी तिच्या पदरात पडलो. बाहत्तरच्या दुष्काळात मी सोलापुरात एक्स-रेचं शिक्षण घेत होतो आणि ती हायवेच्या कडेला दुष्काळी कामावर खडी फोडत होती.

एकदा न सांगता मी तिला भेटायला त्या कामावर गेलो. उन्हात बायकांची लांबलचक रांग, प्रत्येकीपुढं दगडांचा ढीग. अक्काच्या शेजारी तिची गडण, म्हणजे मैत्रीण, बसली होती. ती बौद्ध वस्तीतली, अक्काच्याच वयाची, मी तिला मावशी म्हणायचो. दोघी एका लयीत हातोडी मारत होत्या. अक्काच्या उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली होती आणि चिंधी लाल झाली होती. मला बघून तिनं हातोडी पदराखाली घेतली, जणू चोरी पकडली गेली. म्हणाली, "तू कशाला आलास? जा, अभ्यास कर." त्या दिवसापासून अक्का म्हटलं की मला तिचा उजवा हातच आठवायचा. त्या हातानं मला शिकवलं, असं मी चारचौघांत अभिमानानं सांगायचो.

पुढं दिवस पालटले. मला नोकरी लागली, गावात सहकारी दूध संस्था निघाली, अक्काच्या दारात दोन म्हशी आल्या. सकाळी पूजा आटोपली की किटली घेऊन ती केंद्रावर जायची. त्याच रांगेत एका उन्हाळ्यात ती पहिल्यांदा पडली. दूध सांडलं, ती उठली, पदर झटकला आणि "ऊन लागलं" म्हणाली. ऊन अजून वर यायचं होतं. तिसऱ्यांदा पडल्यावर मावशीनं दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून मला निरोप धाडला. "भाऊला म्हणावं, अक्का आठ दिसांत तीनदा पडली. ती सांगायची न्हाय, म्हणून म्या सांगती."

मी तिला सोलापूरला आणलं. कागदावरची रेघ बघून आमच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. काळजाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचत नव्हता. खालचा कप्पा आपल्या मनानं, सवडीनं चालला होता. मध्येच थांबायचा, तेव्हा अक्का पडायची. एखाद्या दिवशी थांबून राहील, म्हणाले. उपाय एकच होता, पेसमेकर. तो बसवणारे मोठे डॉक्टर पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे आणि त्या वेळी पडदा सांभाळायचं काम माझ्याकडे असायचं. म्हणजे माझ्या बहिणीचं काळीज मीच दाखवणार होतो. खोटं कशाला बोलू, भीतीबरोबर मला थोडा तोराही चढला होता.

हे काम लोकांना वाटतं तसं कापाकापीचं नाही. खांद्याजवळच्या खळग्यातली एक शीर उघडायची आणि तिच्यातून एक मऊ, पोकळ तार आत सरकवायची. तिच्या पोटात दुसरी बारीक, ताठ तार असते. डॉक्टर ती ताठ तार बाहेर काढून नखावरून ओढायचे, तिला किंचित बाक द्यायचे आणि पुन्हा आत घालायचे. त्या बाकाच्या जोरावर टोक वळतं. शिरेतून काळजाच्या वरच्या कप्प्यात, तिथून झडपेतून खालच्या कप्प्यात आणि मग अगदी तळाच्या कोपऱ्यात जाऊन ते रुतलं पाहिजे. तारेचं दुसरं टोक काडेपेटीएवढ्या मशीनला जोडायचं आणि ते मशीन खांद्याखाली कातडीच्या आत बसवायचं. हात बाहेर, टोक आत, आणि मधे फक्त पडद्यावरची एक काळी रेघ. डॉक्टर दोन बोटांत तार फिरवायचे आणि मी पडद्यावर ती रेघ वळताना बघायचो.

त्यात एक मोठी फसगत होती. काळजाच्या पाठीमागं एक शीर असते. टोक चुकून तिच्यात शिरलं तरी समोरून बघताना ते जागेवर बसल्यासारखंच दिसतं. म्हणून मी यंत्राची कमान फिरवून बाजूनं चित्र दाखवायचो. टोक पुढं, छातीच्या हाडाकडं बघत असेल तर बरोबर. पाठीच्या कण्याकडं वळलं असेल तर काढा आणि पुन्हा घाला. "समोरून बरोबर दिसतंय एवढ्यावर जाऊ नका, बाजूनं दाखवा," हे वाक्य डॉक्टर दर वेळी मला ऐकवायचे. मला त्याचा राग यायचा. मला काय कळत नाही का, असं मनात म्हणायचो.

अक्काला टेबलावर घ्यायच्या सकाळी व्हरांड्यातून चालता चालता पुण्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "पेशंटचा कामाचा हात कोणता? मशीन दुसऱ्या बाजूला बसवू. त्या बाजूच्या हाताला दीड महिना आराम लागतो, खांद्याच्या वर न्यायचा नाही. नाहीतर टोक रुजायच्या आत ओढलं जातं."

"उजवा, सर," मी ताडकन सांगितलं. माझ्यापुढं ती चिंधी गुंडाळलेली मूठ होती.

अक्काला कुणी विचारलं नाही. मी असताना तिला कशाला विचारायचं?

टेबलावर झोपवल्यावर मी पडदा सुरू केला. काळजाच्या बरोबर मधोमध एक काळा ठिपका आला, सुपारीएवढा. डॉक्टर हात धूत होते. तिथूनच म्हणाले, "गळ्यात काही आहे का? काढा." ती अक्काची चांदीची डबी होती. आम्ही लिंगायत. त्या डबीत इष्टलिंग असतं, दोऱ्यानं गळ्यात बांधलेलं, आणि जिवंतपणी ते अंगावेगळं करत नाहीत. खडी फोडतानाही ते तिच्या चोळीवर असायचं. अक्कानं डबीवर हात ठेवला आणि मान हलवली. डॉक्टर समजूतदार माणूस. म्हणाले, "अंगावर कुठंही राहू दे. फक्त छातीवरून हलवा."

मी म्हणालो, "अक्का, मुठीत धर."

तिनं डावा तळहात उघडला. सिस्टर त्याच बाजूला औषधानं खांदा पुसत होती. मी तो हात हळूच खाली दाबला. "डावा न्हाय. तिकडं काम हाय. उजव्यात धर."

ती माझ्याकडं बघत राहिली. "उजव्यात कसं रं, तम्मा?"

"आजच्या दिस धर की. देव काय हात बघत बसतो व्हय?"

"काय म्हणतात त्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही, सर. भ्यायल्यात."

तिनं उजवी मूठ मिटली आणि डोळे मिटले. ती एरवी रोज पहाटे भस्म लावून पाटावर बसायची. लिंग डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या हातानं पाणी आणि बेल वाहायची, आणि मग तो डावा हात डोळ्यांच्या रेषेत वर उचलून बराच वेळ एकटक बघत राहायची. चुलीवरचं माझ्या आंघोळीचं पाणी तापेपर्यंत तो हात हलायचा नाही. मी जन्मल्यापासून हे बघत होतो, म्हणजे बघतच नव्हतो. टेबलाशी माझ्या ध्यानात काही आलं होतं का? आलं असावं. पण डाव्या बाजूला सगळी मांडामांड झालेली, पुण्याचे डॉक्टर हात धुऊन उभे, आणि मी तोंडानं उजवा सांगून बसलेलो. मला खरंच कळलं नाही की मी कळू दिलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

काम झकास झालं. तार झडपेशी दोनदा वर उसळली, तिसऱ्या वेळी खाली उतरली. मी कमान फिरवली. टोक पुढं बघत होतं. डॉक्टरांनी आत थोडी ढील सोडली, श्वास घेताना ताण पडू नये म्हणून. मग अक्काला खोल श्वास घ्यायला लावला, खोकायला लावलं. टोक जागचं हललं नाही. कागदावरची रेघ घड्याळासारखी चालू लागली. मी शिशाच्या एप्रनखाली घामानं भिजलो होतो आणि मला रडू येत होतं. अक्का म्हणाली, "झालं व्हय? मला वाटलं लई दुखंल."

आठ दिवस ती वॉर्डात होती. घरी सोडताना मी तिला तीन-तीनदा बजावलं. डावा हात झोळीत ठेवायचा. कळशी उचलायची नाही. केस विंचरायलासुद्धा मावशीला बोलवायचं.

"आणि म्हशी?"

"म्हशींना सांग, दीड महिना आपलं आपण पिळा."

ती हसली. पूजेचं तिनं विचारलं नाही आणि मी काढलं नाही. तिला न्यायला आलेली मावशी रोज पहाटे येऊन धारा काढीन म्हणाली. मी दोघींना गाडीत बसवून ड्यूटीवर परत आलो. पहिल्या दोन आठवड्यांत दोनदा जाऊन आलो. अक्काचा चेहरा भरला होता. हात झोळीत होता. मी समोरून बघितलं, बरोबर दिसलं, आणि निघून आलो.

पाचव्या आठवड्यात दुधाच्या गाडीतून मावशी तिला घेऊन आली. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी अक्का तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. ओठ काळवंडलेले. नाडी मधेच लागायची, मधेच हरवायची. मीच तिला उचलून टेबलावर घेतलं, मीच पडदा सुरू केला.

टोक जागेवर नव्हतं. ते वरच्या कप्प्यात परत आलं होतं आणि वाऱ्यात सुतळी हलावी तसं हलत होतं. मशीन बिचारं नेमानं ठोके धाडत होतं, पण ते कुठं लागतच नव्हते. शेजारी त्या डबीची काळी सावली होती. या वेळी मी ती हलवली नाही.

अक्कानं डोळे उघडले. "सुटली का रं तार?"

"न्हाय, अक्का. जागेवर हाय."

"मग बरं," ती म्हणाली.

पुण्याला फोन लावला. ते दुसऱ्या दिवशी निघू शकत होते. आमच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, छाती दाबली, त्यांच्या हातात होतं ते सगळं केलं. दुपारी त्याच टेबलावर ती गेली. मी पडदा बंद करायला विसरलो होतो. सिस्टरनं केला.

आमच्यात जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि पुरतात. जळकोटच्या आमच्या तुकड्याच्या कडेला, लिंबाखाली खड्डा घेतला. जंगम, म्हणजे आमचे गुरू, आले. त्यांनी अक्काच्या कपाळाला भस्म लावलं, गळ्यातली डबी उघडली, आणि लिंग काढून तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. डाव्याच. त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. मग तो हात छातीशी नीट बसेना म्हणून मला म्हणाले, "धरा जरा." मी धरला. खांद्याखालच्या खळग्यात, माझ्या मनगटाला तो मशीनचा कडक उंचवटा लागत होता.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते मशीन अजून चालू आहे. बंद करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बॅटरी नवी होती, ती पुढं कितीतरी वर्षं चालणार होती. लोक मुठीमुठीनं माती आणि बेल टाकत होते आणि मी एकटाच तिथं हे जाणून उभा होतो. मला ओरडून सांगावंसं वाटलं, थांबा. पण काय सांगणार? तिच्यात जीव नव्हता, हे माझ्याइतकं कुणी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मावशी म्हशींची धार काढून ओट्यावर टेकली. मी चहा दिला. तिनं कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "भाऊ, तुमाला एक सांगायचं हाय. तिनं सांगू नको म्हणलं हुतं. पर मला झोप लागंना."

मी म्हणालो, "सांगा, मावशी."

"घरी आल्यावर पयले दोन दिस तिनं उजव्या हातात घिऊन बगितलं. म्या गोठ्यात हुते, दारातनं दिसत हुतं. हात थरथरायचा, नजर बसायची न्हाय. तिसऱ्या दिशी रडली. म्हणली, ह्या हातानं दगडं फोडली गं, ह्याला दुसरं कायबी येत न्हाय. मग झोळीतनं डावा काढला. उजव्या हातानं कोपराखाली धरून वर उचलायची, हळूहळू, लेकराला उचलावं तसा. म्या म्हणलं, अक्का, भाऊनं सांगितलंय. तर म्हणली, उचलत न्हाय गं, टेकू दिलाय."

"मग मला का नाही कळवलं?" माझा आवाज चढला. मला तिचा राग आला होता. गाडी रोज येत होती, ड्रायव्हर ओळखीचा होता, एक निरोप, एक!

मावशी म्हणाली, "म्या तेच म्हणलं. म्हणलं, भाऊला इचारू, मशीन दुसऱ्या बाजूला बसवून घिऊ. तर मलाच गप केली. म्हणली, तम्मा मोठ्या डाक्टराच्या फुडं उजवा म्हणून बसला हुता. चार लोकांत त्याला खोटं कसं पाडू? त्याला कळलं तर जन्मभर मनाला लावून घील."

चहा गार झाला होता. मावशीनं तो तसाच ठेवला, किटली उचलली आणि केंद्रावर गेली. दूध घालायची वेळ झाली होती.

त्यानंतर बरीच वर्षं मी अक्कावर मनातल्या मनात चिडत राहिलो. एवढी शहाणी बाई, आणि माझी लाज राखायला जीव घालवला. टेबलावर एक शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं? डॉक्टर नुसते हात धुऊन उभे होते, कापलं नव्हतं, बाजू बदलायला फार वेळ लागला नसता. एक शब्द तरी बोलायचा होतास, असं मी तिला लिंबाखाली जाऊन मोठ्यानंसुद्धा म्हणालोय.

पण ती बोलली होती. "उजव्यात कसं रं, तम्मा?" म्हणाली होती, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर मी काही नाही म्हणालो होतो.